शुश्रूषा करणाऱ्यांचे आरोग्य आणि अवधानाचा अभ्यास

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी सभासदांच्या कुटुंबांस उपयोगी पडेल असे काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली. शिष्यवृत्त्या, दवाखाना, वाचनालय यांविषयी अधिकारी मंडळी लिहीतच आहेत. मी बेळगावातील एका शाळेत विज्ञान शिकवणारा मनुष्य. तेव्हा आज आपल्यापैकी कित्येक घरांत ठाण मांडून बसलेला, परंतु चार माणसांत बोलण्याचे आपण टाळतो असा एक विषय मी घेतो. वृद्धापकाळी होणारा स्मृतिभ्रंश हा तो रोग. आणि येथे विचार करावयाचा आहे तो मुख्यतः रोग्याची शुश्रूषा करणाऱ्या घरच्या माणसाचा.

या रोगास आपल्या बोलण्यात फार जुना शब्द आहे, 'म्हातारचळ'. जोडीला 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आहेच. हे शब्द आजाराचे नाव सांगत नाहीत, माणसाच्या स्वभावास बोल लावतात. चळ लागलेला मनुष्य म्हणजे हट्टी, लहरी, मुद्दाम त्रास देणारा, असा त्यातून अर्थ निघतो. आपल्या शेजारच्या गोव्यात विक्रम पटेल व मार्टिन प्रिन्स या दोन संशोधकांनी लोकांशी सविस्तर बोलून केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसून आले की, विसरभोळेपणा, भ्रम, रात्रीचे भटकणे ही लक्षणे लोकांस चांगली ठाऊक होती. परंतु हा आजार आहे असे त्यांस वाटत नव्हते. मुलांनी हेळसांड केली, माया दिली नाही, म्हणून म्हाताऱ्या माणसाचे असे होते, अशी पुष्कळांची समजूत होती. या समजुतीचा घाव कोणावर बसतो हे सांगावयास नको. आजारी सासू शेजारणीस सांगते, 'मला जेवायला घालत नाहीत'. शेजारीण ते खरे मानते. आणि अर्ध्या तासापूर्वीच तिला भरवून उठलेली सून खाली मान घालून भांडी घासते.

रोगाविषयी थोडक्यात सांगतो. मेंदूतील पेशी हळूहळू निकामी होत जातात, आणि स्मरण, भाषा, दिशा, वेळेचे भान, शेवटी अंगावरचे कपडे घालण्याचे कौशल्यदेखील लोपते. अल्झायमरचा रोग हे याचे सर्वांत अधिक आढळणारे कारण होय. दुसरे कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे, ज्यास पुष्कळदा अनेक वर्षांचा रक्तदाब व मधुमेह जबाबदार असतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे भारतात साठ वर्षांवरील माणसांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अदमासे ८८ लाख माणसे, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, गलग्रंथीचा मंदपणा किंवा खोल उदासीनता यांमुळेही असाच विसराळूपणा दिसू शकतो, आणि तो उपचाराने सुधारतो. म्हणून घरच्या घरी निदान न करता प्रथम डॉक्टरांस दाखवावे. खऱ्या स्मृतिभ्रंशावर मात्र रोग मुळापासून काढील असे औषध अद्याप नाही. औषधांनी लक्षणे काही काळ थोपवता येतात. बाकी सारे काम वर्षानुवर्षे घरच्या माणसाने करावयाचे असते, आणि आपल्याकडे हे घरचे माणूस बहुधा बाई असते. पत्नी, सून, किंवा लग्न न झालेली मुलगी. म्हणून पुढे मी 'ती' असेच म्हणणार आहे. पत्नीची सेवा करणारे काही वृद्ध गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत, त्यांनी राग मानू नये.

अमेरिकेत नॅन्सी मेस व पीटर रॅबिन्स या दोघांनी अशा कुटुंबांसाठी १९८१ साली एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले. त्याचे नाव 'छत्तीस तासांचा दिवस' असे आहे. ज्या घरात हा आजार आला आहे त्या घरास या नावाचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही.

आमच्याच घरचे उदाहरण देतो. माझ्या मातोश्री, ज्यांना आम्ही अम्मी म्हणत असू, अखेरची सहा वर्षे या आजारात होत्या. शुश्रूषेचा मुख्य भार माझ्या थोरल्या बंधूंच्या पत्नीवर, आमच्या भाभींवर होता. दिवस बरा जाई. मगरिबच्या अजानच्या सुमारास अम्मींची घालमेल सुरू होई. 'घरकू चलो', असे त्या आमच्या दखनी बोलीत म्हणत. घर म्हणजे त्यांचे खानापूरचे माहेर. ते विकून चाळीस वर्षे झाली होती. भाभी सांगत, 'अम्मी, हेच आपले घर.' पाच मिनिटांनी पुन्हा तेच. एका संध्याकाळी माझ्या पुतण्याने वहीत रेघा मारून मोजले, तेव्हा दिवेलागणीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत एक्केचाळीस रेघा झाल्या. सूर्यास्ताच्या वेळी वाढणारी ही अस्वस्थता डॉक्टरांच्या चांगली परिचयाची आहे. घराघरांत ती जवळजवळ सारखीच असते. कोणी माहेरी जावयास निघतो, तर शहापूर-वडगावकडील एक वृद्ध विणकर रात्री उठून, केव्हाच मोडीत गेलेला आपला माग शोधीत असत.

चौथ्या वर्षी भाभींचे बोट विळीने कापले. जखम लहान, पण तीन आठवडे ती भरून येईना. साखर तपासली, ती ठीक निघाली. मात्र रक्तदाब बराच वाढलेला आढळला, आणि त्यापूर्वी कधी तो कोणी मोजलेलाच नव्हता. एका बोटावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मी वर्गात मुलांस नेहमीच सांगतो. परंतु हाच प्रश्न शास्त्रज्ञांनी रीतसर तपासला आहे, तो वृत्तांत सांगण्यासारखा आहे.

अमेरिकेतील ओहायो राज्याच्या विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर व त्यांचे सहकारी यांनी १९९५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया, आणि त्याच वयाच्या व तशाच आर्थिक स्थितीच्या, पण अशी जबाबदारी नसलेल्या दुसऱ्या १३ स्त्रिया त्यांनी निवडल्या. सर्वांच्या हातावर त्यांच्या संमतीने साडेतीन मिलिमीटर रुंदीची एक लहानशी जखम केली, आणि ती भरून येण्यास किती दिवस लागतात ते पाहिले. दुसऱ्या गटास सरासरी ३९.३ दिवस लागले; सेवा करणाऱ्या स्त्रियांस ४८.७ दिवस. म्हणजे नऊ दिवसांचे अंतर. 'मनाचा ताण' हा शब्द आपण हवेत बोलतो. येथे तो कातडीवर मोजला गेला. त्याच संशोधकांनी पुढील वर्षी असेही दाखविले की, पती किंवा पत्नीची अशी सेवा करणाऱ्यांच्या शरीरात फ्लूच्या लसीचा प्रतिसाद इतरांपेक्षा कमी उमटतो. १९९९ साली रिचर्ड शुल्झ व स्कॉट बीच यांनी वृद्ध जोडप्यांचा चार वर्षे मागोवा घेतला, तेव्हा ज्यांना आजारी जोडीदाराच्या सेवेचा ताण जाणवत होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका इतरांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळला.

हे कसे घडते? मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी आहेत. संकट आले की मेंदूच्या तळातून त्यांस निरोप जातो, आणि त्या रक्तात ॲड्रिनलीन व कॉर्टिसॉल ही द्रव्ये सोडतात. हृदय जलद धडधडते, रक्तदाब चढतो, साखर स्नायूंकडे धावते, आणि जखमा भरणे, जंतूंशी लढणे ही सावकाशीची कामे बाजूस ठेवली जातात. कुत्रा अंगावर आला असता हे सारे फार उपयोगी आहे. कारण कुत्रा पाच मिनिटांत जातो. परंतु ज्या घरात दर पाच मिनिटांनी तोच प्रश्न येतो, रात्री दाराची कडी वाजली की दचकून उठावे लागते, तेथे धोक्याची घंटा बंद होण्यास सवडच मिळत नाही. वर्षामागून वर्षे असे चालले की शरीराची घडीच बिघडते. झोप तुटते, पित्त वाढते, पाठ धरते, रक्तदाब राहून जातो. शिवाय अशी बाई स्वतःसाठी डॉक्टरांकडे जात नाही. आणि जाणार तरी केव्हा? रोग्यास कोणापाशी ठेवावे हा प्रश्न उरतोच.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे, नाहीतर वाचकांचा गैरसमज होईल. सेवा केल्याने माणूस मरतो, असे याचे तात्पर्य नाही. २०१३ साली अमेरिकेतच डेव्हिड रॉथ व सहकाऱ्यांनी साडेतीन हजारांहून अधिक सेवा करणाऱ्या माणसांची तुलना तशाच इतर माणसांशी केली. तेव्हा सेवा करणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण उलट १८ टक्क्यांनी कमी भरले. त्या माणसांत सर्व प्रकारची सेवा होती. हलकी, वाटून घेतलेली, थोड्या तासांचीही होती. या दोन निष्कर्षांत मला विरोध दिसत नाही. आईबापांच्या सेवेने अंगास अपाय होत नसावा. अपाय होतो तो ती सेवा एकट्याने, अखंड, झोपेविना आणि टोमणे ऐकत करावी लागल्याने. शुल्झ यांच्या पाहणीतदेखील धोका दिसला तो ताण जाणवणाऱ्यांत.

आता उपायाकडे वळू. आजकाल इंग्रजीत 'माइंडफुलनेस' हा शब्द फार चालतो, आणि मराठीत त्यास 'सजगता' म्हणतात. मला 'अवधान' हा आपला जुना शब्द अधिक जवळचा वाटतो. मूळ पाली शब्द आहे 'सति', आणि तो संस्कृत 'स्मृति' याच शब्दाचे रूप आहे. एकोणिसाव्या शतकात ऱ्हीस डेव्हिड्स या इंग्रज पंडितांनी त्यास 'माइंडफुलनेस' हा प्रतिशब्द रूढ केला. गोव्यातील सांखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांनी हे पाली वाङ्मय मराठी वाचकांपर्यंत आणले, तेव्हा हा विषय आपल्यास सर्वस्वी परका आहे असे नाही. ज्या रोगात स्मृती जाते, त्या रोग्याची सेवा करणाऱ्यास जो अभ्यास सांगतात त्याचेही नाव स्मृतीच असावे, ही गोष्ट भाषा शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांस मी सांगितली तेव्हा ते बराच वेळ त्यावरच बोलत राहिले.

आधुनिक वैद्यकात हा अभ्यास आणला जॉन कबाट-झिन यांनी. १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत, जुनाट दुखण्यांनी गांजलेल्या रोग्यांसाठी त्यांनी आठ आठवड्यांचा एक क्रम आखला. आठवड्यातून एकदा सुमारे अडीच तासांचा वर्ग, आणि रोज घरी सुमारे पाऊण तास अभ्यास. त्यात कोणत्याही धर्माची दीक्षा, मंत्र किंवा पूजा नाही. आमच्या मोहल्ल्यातील एका बुजुर्गांनी मला विचारले होते की, हे आपल्या दीनमध्ये बसते काय? मी त्यांस म्हणालो की, श्वासावर लक्ष ठेवणे ही उपासना नव्हे. नाडी मोजण्यासारखेच ते आहे. आणि मनावर पहारा ठेवण्यास सूफी मंडळी मुराकबा म्हणत आली आहेत, तेव्हा शांत बसणे आपल्यालाही नवे नाही. त्यांचे समाधान झाले असावे, कारण नंतर त्यांनी आपल्या सुनेस माझ्या पत्नीकडे पाठविले.

करावयाचे काय, ते अगदी सोपे आहे. सोपे म्हणून सुलभ मात्र नाही. जमिनीवर, खुर्चीवर, जमेल तसे बसावे. पाठ सरळ, पण ताठरलेली नको. डोळे मिटावे किंवा समोरच्या फरशीवर ठेवावे. श्वास येतो व जातो तो नाकपुड्यांशी किंवा पोटाशी जाणवतो, तेथे लक्ष ठेवावे. श्वास ओढून घ्यावयाचा नाही. एक ते दहा मोजावे, पुन्हा एकपासून. तिसऱ्या-चौथ्या श्वासाला मन पळेल: गॅस बंद केला का, औषधाची गोळी दिली का, नणंद काल काय म्हणाली. मन पळाले हे ध्यानात आले की रागावू नये, उठून जाऊ नये. पुन्हा एकपासून मोजावे. पुष्कळांस वाटते की मन पळाले म्हणजे अभ्यास फसला. वास्तविक ते पळाले हे कळणे आणि परतणे, हाच अभ्यास होय. सुरुवातीस पाच मिनिटे पुरेत. उच्छ्वास थोडा लांबवला असता व्हेगस नावाच्या मज्जातंतूच्या द्वारे हृदयाची गती मंदावते, हे कोणीही आपल्या मनगटावर बोट ठेवून पाहू शकतो. माझ्या नववीच्या वर्गातील मुलांनी ते पाहिले आहे.

परंतु शुश्रूषा करणाऱ्या बाईस या अभ्यासाचा खरा उपयोग बसल्या जागी होत नाही. तो होतो प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या क्षणात. 'घरकू चलो' हे एकेचाळिसाव्यांदा ऐकताना जबडा आवळला जातो, खांदे वर चढतात, आवाज चढू लागतो. हे शरीरात घडत आहे असे ज्याच्या ध्यानात येते त्यास एक श्वास घेण्याइतकी फट सापडते. त्या फटीत दुसरे उत्तर सुचते. 'हेच आपले घर' हे खरे असले तरी अम्मींच्या उपयोगाचे नव्हते, कारण त्यांस पत्ता नको होता. त्यांस भीती वाटत होती. पुढे भाभी म्हणू लागल्या, 'खानापूरच्या घरी अंगणात काय होते, अम्मी?' मग अम्मी पेरूचे झाड सांगत, विहीर सांगत, आणि कधी कधी सांगता सांगता जेवून घेत. रोग्याशी वाद घालू नये, त्याच्या शब्दांमागील भावना ओळखावी, असे या विषयातील सर्व जाणकार सांगतात. मात्र थकलेल्या, चिडलेल्या माणसाला ते सुचत नाही, आणि अवधानाचा अभ्यास तेथे कामी येतो.

कपडे धुताना, पोळी लाटताना, रोग्याचे केस विंचरताना, हाताला जे जाणवते त्याकडे एक-दोन मिनिटे लक्ष देणे हाही तोच अभ्यास होय. अंघोळ घालताना पाण्याच्या उबेकडे लक्ष असले म्हणजे हात आपोआप मऊ पडतो, असे एका बाईंनी मला सांगितले. रोग्याच्या अंगास ते कळत असणार.

याचा गुण किती येतो? येथे मी अतिशयोक्ती करणार नाही, कारण या विषयात दुकानदारी फार झाली आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रॉबिन व्हाइटबर्ड यांनी ७८ सेवा करणाऱ्या कुटुंबीयांवर आठ आठवड्यांचा प्रयोग केला व तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या मंडळींस अवधानाचा क्रम, अर्ध्यांस आजाराची माहिती व गटाचा आधार. अवधानाच्या गटात ताण व उदासीनता अधिक कमी झाली. चिंता आणि कामाचा भार यांत मात्र दोन्ही गटांस सारखाच फरक पडला. म्हणजे नुसते एकत्र बसून बोलण्याचाही गुण येतोच. २०१८ साली कॉक्रेन संस्थेने अशा पाच प्रयोगांतील २०१ माणसांचा एकत्र आढावा घेतला. त्यांचा निर्णय सावध आहे: या अभ्यासाने उदासीनता व चिंता निदान काही काळ कमी होत असावी, परंतु पुरावा कच्चा आहे, आणि सेवेच्या ओझ्यावर त्याचा काही परिणाम होतो की नाही, हे खात्रीने सांगता येत नाही.

हे शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. मला त्यात नवल वाटले नाही. ओझे म्हणजे काय? ओझे म्हणजे दिवसातून तीनदा बदललेल्या चादरी, रात्रीचे दोन तासांचे तुकडे-तुकडे झालेले झोपणे, आणि दोन वर्षांत एकाही लग्नाला न जाणे. श्वास मोजल्याने चादरी धुतल्या जात नाहीत. ज्या घरात सहा माणसे आहेत आणि एकच राबते, त्या घरातील पाच जणांनी तिला 'तू ध्यान करीत जा' असे सांगणे, यासारखा दुसरा क्रूर उपदेश मला ठाऊक नाही. ताण तिच्या मनात आहे, म्हणून उपायही तिनेच मनात शोधावा, असा त्याचा अर्थ होतो. आणि कबाट-झिन यांच्या क्रमास रोज पाऊण तास लागतो. तो पाऊण तास तिला कोणी द्यावयाचा? प्रथम वेळ, मग श्वास, असा क्रम आहे. तिची वेळ मोकळी करून न देता अभ्यास सांगणे म्हणजे पाटीच नसलेल्या मुलाला गृहपाठ देणे होय.

लंडनमध्ये गिल लिव्हिंग्स्टन यांनी २६० कुटुंबीयांवर केलेला प्रयोग या दृष्टीने मला अधिक शहाणपणाचा वाटतो. त्याचा पहिला वृत्तांत २०१३ साली आला. मानसशास्त्राचे पदवीधर तरुण घरी जाऊन आठ बैठकी घेत. रोग्याच्या त्रासदायक वर्तनाचे काय करावे, मदत कोठे व कशी मागावी, स्वतःसाठी एक तरी आवडीची गोष्ट कशी राखावी, हे शिकवीत; आणि प्रत्येक बैठकीच्या अखेरीस शांत होण्याचा एक अभ्यास करून घेत. सहा वर्षांनंतरही त्या कुटुंबीयांची मनःस्थिती इतरांपेक्षा बरी आढळली.

पण लंडन कशाला, चोर्ला घाट उतरून गेले की गोवा आहे. तेथे डॉ. अमित डायस व 'संगथ' या संस्थेच्या सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांबरोबर केलेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. घरोघर जाणारे सल्लागार डॉक्टर नव्हते, परिचारकही नव्हते. स्थानिक भाषा बोलणारी, शिकलेली, माणसांत मिसळणारी मंडळी होती. थोडे प्रशिक्षण देऊन, एक समुपदेशक व एक मनोविकारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली त्यांस कामास लावले. पंधरवड्यातून निदान एकदा ते घरी जात. हा आजार आहे, कोणाचा दोष नाही, हे समजावून सांगत. रोग्याच्या वागण्याला कसे सामोरे जावे ते दाखवीत. वृद्धांसाठी असलेल्या सरकारी योजनांची माहिती देत. आणि अशा घरांची एकमेकांशी गाठ घालून देत. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा सेवा करणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारले होते, आणि रोग्याच्या वर्तनाने त्यांस होणारा मनस्ताप कमी झाला होता. २००१ सालच्या त्या गैरसमजुतीला याच गोव्याने हे उत्तर दिले.

एक इशारा येथेच देतो. काही माणसांस शांत बसले असता दडपलेले दुःख एकदम उसळून येते. अशा वेळी डोळे उघडावे, उठून चालावे, जबरदस्तीने बसू नये. सतत दोन आठवडे झोप नाही, कशातच गोडी नाही, जगणे नकोसे वाटते, असे झाल्यास तो अभ्यासाचा विषय नव्हे, डॉक्टरांचा आहे. सरकारची टेली-मानस ही मनःस्वास्थ्याची सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ सालापासून चालू आहे, आणि वृद्धांच्या प्रश्नांसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. तसेच सेवा करणाऱ्या बाईचा रक्तदाब व साखर वर्षातून दोनदा तरी मोजावी. हे काम आपल्या ट्रस्टच्या दवाखान्यात होऊ शकते. तिला रोग्यासह येऊ द्यावे आणि दोघांचेही कागद करावे.

घरातल्या घरात पहिली गोष्ट म्हणजे वारांची वाटणी. 'लागेल तेव्हा सांग' हे आश्वासन काही कामाचे नाही, कारण ती सांगत नाही. मंगळवारी सहा ते आठ थोरला मुलगा, शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर धाकटा, रविवारी सकाळी लेक किंवा जावई, असे कागदावर लिहून भिंतीस लावावे. आमच्या घरी पाचव्या वर्षापासून असा कागद होता. त्या दोन तासांत भाभींनी काय करावे हे कोणी ठरवीत नसे. पहिल्या महिन्यात त्या बहुतेक वेळ झोपल्या. अभ्यास पुढे सुरू झाला.

ट्रस्टने काय करावे याविषयी माझी विश्वस्त मंडळास सूचना अशी आहे. आठवड्यातून एकदा दोन तास सेवा करणाऱ्या बायकांनी सभागृहात एकत्र यावे; पाऊण तास अवधानाचा अभ्यास, बाकी वेळ आपसांत बोलणे व चहा. त्या दोन तासांत प्रत्येकीच्या घरी रोग्यापाशी बसणारे माणूस ट्रस्टने पाठवावे, आणि त्याची शिकवणी आधी व्हावी. हे दुसरे नसेल तर पहिले सुरू करू नये. सभागृह रिकामे राहील. येणाऱ्यांत जातधर्म, सभासद-बिगरसभासद हा भेद नसावा. गोव्यासारखे दोन सल्लागार पगारी नेमता आले तर फारच बरे. एका वर्षाचा खर्च एका मोठ्या शिष्यवृत्तीपेक्षा किती अधिक येईल, याचा हिशेब खजिनदारांनी मांडावा. रोग्यापाशी बसण्यास व इतरांस शिकविण्यास तयार असलेल्या दोन निवृत्त परिचारिकांनी मजपाशी आपली नावे दिली आहेत, आणि सभागृहाची वही मी पाहिली, बुधवारी दुपारी दोन ते चार ते मोकळे असते.